एका माहिती केंद्राचा हिशेब

आपण इथे दिवाळी सोयीच्या शनिवारी साजरी करतो. हॉल मिळाला की दिवाळी! गावाकडे मात्र ती वसुबारसेला सुरू होते. माझी आई त्या संध्याकाळी गाय-वासराची पूजा करायची, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खायची, आणि दूध, तूप, ताक यांना दिवसभर शिवायची नाही. कारण विचारलं तर म्हणायची, "आजचं दूध वासराचं. वर्षभर आपण त्याच्या तोंडचं काढून घेतो, एक दिवस तरी त्याचा वाटा त्याला देऊ."

वासराच्या या वाट्यावरूनच मला आज तुमच्याशी बोलायचं आहे. त्याआधी एक कबुली. आपल्या मंडळाच्या जुन्या सभासदांना आठवत असेल, २००१ च्या दिवाळी कार्यक्रमात नाटकाच्या मध्यंतरात मी स्टेजवर उभा राहून मदत मागितली होती. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावात पशुपालकांसाठी माहिती केंद्र काढायचं होतं. समोसे हातात असताना तुम्ही चेक लिहिलेत. त्या पैशांचं पुढे काय झालं, हे मी कधी नीट सांगितलं नाही. कोणी विचारलं तर "चाललंय छान" म्हणून विषय बदलला. आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. हिशेब देऊन टाकावा म्हणतो.

ते दिवस मोठ्या उत्साहाचे होते. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी परिसरात केंद्र आणि राज्य सरकारच्या मदतीने सत्तरेक गावांना संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला होता. त्याच वर्षी पुदुच्चेरीजवळ डॉ. स्वामिनाथन यांच्या संशोधन संस्थेने खेड्यांत ज्ञानकेंद्रं उघडायला सुरुवात केली. २००० मध्ये मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात 'ज्ञानदूत' आलं. वर्तमानपत्रांत नऊवारीतल्या बाईचा संगणकासमोरचा फोटो छापून येत असे. पशुवैद्यक म्हणून माझं गणित सरळ होतं. गावात म्हशी, शेळ्या, गाई शेकड्यांनी आहेत. दवाखाना अठरा किलोमीटरवर. डॉक्टर एक आणि गावं वीस. मधली पोकळी माहितीने भरता येईल. माहिती माझ्याकडे होती. पोचवायला यंत्र हवं होतं, आणि त्यासाठी तुम्ही पैसे दिलेत.

दोन संगणक, एक प्रिंटर, बॅटरी-इन्व्हर्टर आणि मोडेम घेतला. देवळाच्या सभामंडपालगतची खोली गावाने दिली. मी स्वतः दोन उन्हाळे खपून एक सीडी तयार केली. जनावरांचे बावीस रोग, लक्षणं, उपचार, लसीकरणाचं वेळापत्रक, रंगीत चित्रं. भाषा शुद्ध असावी म्हणून पुण्याच्या एका मित्राकडून तपासून घेतली. नारळ फुटला, पेढे वाटले, मी विमानात बसलो.

जानेवारी २००३ मध्ये पुन्हा गेलो तेव्हा केंद्र चालू होतं. मुलं दहावी-बारावीचे निकाल बघत, कोणी अर्ज टाइप करून घेई, लग्नपत्रिकांचा मजकूरही तिथेच होई. जनावरांच्या सीडीबद्दल विचारलं तर केंद्र सांभाळणारा पोरगा म्हणाला, "आहे की सर," आणि कपाटातून काढून फडक्याने पुसून दाखवली.

त्या संध्याकाळी एक बाई भेटायला आल्या. गाव त्यांना आक्का म्हणतं, मीही तेच म्हणेन. दोन म्हशी, कोरडवाहू तीन एकर, नवरा मुंबईला माथाडी. आदल्या महिन्यात त्यांची म्हैस रात्री व्याली, रेडी झाली. वार पडली नव्हती. सासूबाई म्हणाल्या, वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही, नाहीतर वार अडकते. आक्का थांबल्या. वार पडली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. मग चीक पाजला. चौथ्या दिवशी रेडीला हगवण लागली, सहाव्या दिवशी ती गेली. रेडी गेल्यावर म्हशीने पान्हा चोरला. आठ लिटरची म्हैस तीन लिटरवर आली. डेअरीचा हप्ता, मुलीची फी, सगळं त्या पाच लिटरमध्ये अडकलेलं.

मी त्यांना समजावून सांगायला लागलो. गाई-म्हशींत आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्यं गर्भात वासराला मिळत नाहीत. वासरू रिकाम्या हातांनी जन्माला येतं. ती शिदोरी असते चिकात. वासराचं आतडं ती अखंड शोषून घेऊ शकतं पहिल्या काही तासांतच; चोवीस तासांनी ते दार जवळजवळ बंद होतं. म्हणून जन्मल्यावर तासा-दोन तासांत चीक पोटात जायला हवा आणि पहिल्या दिवसभरात वासराच्या वजनाच्या साधारण एक दशांश. तीस किलोची रेडी असेल तर तीन लिटर. वारेची वाट बघायचं कारणच नाही. उलट वासरू आचळाला लागलं की गर्भाशय आकुंचन पावायला मदत होते.

आक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "डाक्टर, ह्ये तुमच्या त्या पेटीत व्हतं का?"

होतं. सीडीच्या अकराव्या प्रकरणात होतं. मथळा होता 'नवजात वासरांचे प्रथम दुग्धपान'. चीक हा शब्द आख्ख्या प्रकरणात नव्हता. पुण्याच्या मित्राला तो ग्रामीण वाटला होता, आणि मी मान डोलावली होती. खरवस खाऊन वाढलेला माणूस मी!

शब्दाची चूक सुधारता आली असती. पण बाकीचं काय? केंद्र उघडायचं सकाळी दहाला, बंद व्हायचं पाचला. गोठ्यातली कामं पहाटे आणि दिवेलागणीला, मधल्या वेळात शेत. म्हैस व्याली रात्री दोनला. केंद्र देवळाच्या आवारात, म्हणजे महिन्यातले काही दिवस बायकांना तिकडे जायचं नाही, आणि गावच्या एका वस्तीने तर कधीच नाही. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. मी विचारलीही नव्हती. शेण काढणं, वैरण, धार, आजारी जनावराच्या उशाशी बसणं, हे सगळं बायका करतात. आणि केंद्र मी काढलं होतं पुरुषांच्या पारावर. आक्कांच्या घरापासून ते दोनशे पावलांवर होतं.

इथे माझ्या चुकीला आणखी एक लाजिरवाणी बाजू आहे. मी ज्या प्रकारच्या विद्यापीठात आयुष्य घालवलं, त्याचा पायाच मुळी माहिती शेतकऱ्यापर्यंत नेण्यावर उभा आहे. १८६२ च्या कायद्याने अमेरिकेत शेतीची विद्यापीठं निघाली, पण त्यांची पुस्तकं शेतकऱ्यांनी वाचली नाहीत. १९०३ मध्ये सीमन नॅप या माणसाने टेक्सासमधल्या टेरेल गावी एका शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतात, त्याच्याच हातून प्रयोग करून दाखवला. शेजारी कुंपणापाशी उभे राहून बघत होते. त्यातून १९१४ चा विस्तार सेवेचा कायदा आला आणि काउंटी एजंट नावाचा माणूस गावोगाव फिरू लागला. तुमच्यापैकी ज्यांची मुलं फोर-एचमध्ये कोंबड्या किंवा वासरं घेऊन काउंटी फेअरला गेली, त्यांना ही सेवा माहीत आहे. मी तीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं की आधी माणूस जातो, मग माहिती. आणि स्वतःच्या मुलखात केंद्र काढताना मी माणूस वगळला.

मार्ग सुचवला तो गावच्या दूध डेअरीच्या सचिवांनी. म्हणाले, "साहेब, केंद्र देवळातून काढा आणि आमच्या संकलनाला आणा. सकाळ-संध्याकाळ सगळ्या बाया कॅन घेऊन येतातच." दूध संकलन केंद्र म्हणजे काय, हे इथे वाढलेल्या वाचकांसाठी सांगतो. प्रत्येक घरचं दूध मोजून तिथे त्याची फॅट तपासतात आणि त्यावर भाव ठरतो. हातात पावती मिळते. ती कागदाची चिटोरी ही गावातली सर्वांत विश्वासाची माहिती, कारण तिच्यावर घर चालतं.

संगणक तिकडे हलवला. पण खरा फरक पडला तो माणसामुळे. बारावी झालेली, गावात नव्याने आलेली एक सून केंद्रावर बसू लागली. सगळ्या तिला ताई म्हणायच्या. तिने सीडी बाजूला ठेवली आणि एक वही घातली. डाव्या पानावर प्रश्न, बाईने विचारला त्याच शब्दांत. उजव्या पानावर उत्तर आणि ते कोणाकडून मिळालं ते. येत नसेल ते दर गुरुवारी तालुक्याच्या पशुवैद्यकाला फोन करून विचारायची. त्यांनाही येत नसेल ते मला ईमेलने यायचं.

त्या वहीने मला जे शिकवलं ते कुठल्या परिषदेत शिकलो नाही. माझ्या बावीस रोगांपैकी निम्म्यांबद्दल कोणी कधी विचारलंच नाही. सर्वांत जास्त प्रश्न होते, "म्हस उलटती" आणि "माज कळत न्हाई". म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो, उन्हाळ्यात तर हमखास. ती ओरडत नाही, उड्या मारत नाही. पहाटे आणि रात्री बघावं लागतं: सोट आहे का, वारंवार लघवी करते का, दूध अचानक कमी झालं का. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. एक माज चुकला की एकवीस दिवसांची वैरण फुकट. ज्या घरात वैरण विकत आणतात तिथे हा लहान आकडा नाही. अशा तारखा लक्षात ठेवून गाईच्या मालकाला मोबाइलवर आठवण देणारी सेवा पुढे केनियात 'आयकाऊ' नावाने निघाली. आमच्या ताईने ते काम भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेन्सिलने केलं.

दुसरा प्रश्न, "फॅट लागत न्हाई". उत्तर साधं: धार पूर्ण काढा, कारण शेवटच्या दुधात फॅट सर्वांत जास्त, आणि हिरव्यासोबत कडबा घाला. तिसरा, "पावसाच्या तोंडाला शेरडं पटापट का मरत्यात?" तो आंत्रविषार. कोवळं गवत भसकन खाल्लं की होतो, आणि त्याची लस पावसाळ्याआधीच द्यावी लागते. मे महिन्यात ताई देवळाच्या भोंग्यावरून लसीची तारीख सांगू लागली. भोंगा मात्र देवळाचाच बरा, कारण त्याचा आवाज सगळ्या वस्त्यांत पोचतो!

आणि एक गोष्ट उलट्या दिशेने घडली. एका हिवाळ्यात ताईच्या लक्षात आलं की शेजारशेजारच्या पाच-सहा घरांचं दूध दोन दिवसांत उतरलंय. तिने विचारपूस केली. जनावरं लाळ गाळत होती. लाळ्या-खुरकूत! डॉक्टर त्याच दिवशी आले. आजारी जनावरं वेगळी बांधली, बाजारात न्यायची बंद केली, भोवतालच्या वस्त्यांना लस दिली. मी माहिती केंद्राचा अर्थ धरला होता 'तज्ज्ञाकडून गावाकडे'. त्या दिवशी ती गावाकडून तज्ज्ञाकडे गेली, म्हणून रोग पसरला नाही.

हे फक्त एका गावाचं नाही. गुरांचा बुळकांडी रोग २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने समूळ नष्ट केलेला हा दुसराच रोग. त्याचे शेवटचे पट्टे आफ्रिकेच्या गुरेपाळ टोळ्यांत होते, जिथे दवाखाने नव्हते. तिथे पथकांनी गुराख्यांनाच विचारलं, तुमच्या भाषेत या रोगाला काय म्हणतात, शेवटचा कधी पाहिला, कुठल्या वाटेने आला. उष्णतेत टिकणारी लस आली आणि ती त्यांच्यातल्याच माणसांना टोचायला शिकवली. लस तर लागलीच. पण ती कुठे न्यायची हे गुराख्याला ठाऊक होतं.

वारणेचंही पुढे असंच झालं. संशोधकांनी नंतर पाहिलं तेव्हा शेतकरी केंद्रावर येत ते मुख्यतः उसाचं वजन, बिल आणि खताची उचल बघायला. काही गावांत मग संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या संदेशावर तीच माहिती देऊन पाहिली, आणि ती लोकांना अधिक सोयीची वाटली. याला मी अपयश म्हणत नाही. माणूस आपल्या पोटाचा प्रश्न घेऊन येतो, इतकंच. पुदुच्चेरीच्या केंद्रांनी हे आधीच ओळखलं होतं. गावाने दिलेली जागा दलितांसह सर्वांना खुली असली पाहिजे, ही त्यांची अट होती. वीरमपट्टिणम या कोळ्यांच्या गावात समुद्राच्या लाटांची उंची रोज ध्वनिक्षेपकावरून सांगत. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी जवळच्या नल्लवाडू गावच्या एका मुलाने सिंगापूरमध्ये टीव्हीवर त्सुनामीची बातमी पाहिली आणि घरी फोन केला. गावकऱ्यांनी केंद्राचा ध्वनिक्षेपक लावून सगळ्यांना किनाऱ्यावरून हलवलं. गाव वाचलं. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. तो फोन कामाला आला, कारण फोन घेणारं माणूस आणि भोंगा दोन्ही गावात आधीपासून तयार होते.

आता आपल्या केंद्राचा शेवट. ताईला महिन्याला जे मानधन मिळे ते तुमच्या पैशांतून नव्हतं. तुमचे पैसे मी यंत्रांत घातले होते. थोडं डेअरी देई, थोडं मी पाठवी. २००७ मध्ये डेअरीची स्थिती बिघडली, माझं आजारपण निघालं, आणि मानधन थांबलं. ताई पुढे आरोग्य खात्यात आशा सेविका झाली. केंद्र बंद पडलं. एक संगणक शाळेला दिला, दुसरा भंगारात गेला, प्रिंटर कोणी नेला ठाऊक नाही. यंत्राला पैसे मागायला मला संकोच वाटला नव्हता. ताईच्या पगाराला मागायला वाटला. स्टेजवर उभं राहून "एका बाईचा पाच वर्षांचा पगार द्या" म्हटलं तर तुम्ही द्याल का, अशी शंका मी तुमच्याबद्दल घेतली. त्याबद्दल माफी असावी.

तुम्ही म्हणाल, आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, केंद्र कशाला? २०२२ मध्ये महाराष्ट्रात लम्पी आला तेव्हा याचं उत्तर मिळालं. माहितीचा महापूर होता. लम्पी झालेल्या गाईचं दूध प्यायल्याने माणसांना रोग होतो, असा निरोप मला याच मंडळाच्या दोघांनी पाठवला. तो खोटा होता. लम्पी माणसाला होत नाही. तो डास, माश्या, गोचिडांमार्फत जनावराकडून जनावराकडे जातो, आणि उकळलेलं दूध निर्धोक असतं. पण अशा निरोपांनी गरिबांच्या दुधाला गिऱ्हाईक राहत नाही. गावात तेव्हा लोक कोणाकडे गेले? ताईकडे. ती आता माणसांच्या आरोग्याचं काम करते, पण बायका तिला म्हशीचंही विचारतात. तिने डॉक्टरांना फोन केला, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना देत आहेत ते समजून घेतलं, निरोगी जनावरांना टोचून घ्या आणि गोठ्यात धूर करा म्हणून दारोदार सांगितलं. आपल्या केंद्रातून काही उरलं असेल तर हीच.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते विशेषतः इथे जन्मलेल्या मुलांकडे. तुमच्यातले बरेच जण सॉफ्टवेअरमध्ये आहात, आणि गावासाठी काही करायची इच्छा तुमच्या बोलण्यात मला दिसते. अ‍ॅप जरूर करा. पण आधी दोन दिवस एखाद्या गोठ्यात पहाटे चारला जाऊन बसा. कोण काय करतं ते बघा आणि ती माणसं वापरतात ते शब्द लिहून घ्या. देणगी देणाऱ्यांना सांगतो, यंत्राची पावती फोटो काढायला बरी दिसते, पण पगाराला द्या, आणि तोही एका वर्षाचा नको.

आक्का आता थकल्या आहेत. म्हशी सून बघते. मागच्या वर्षी व्हिडिओवर त्यांनी मला नवी रेडी दाखवली, काळीभोर, टणाटण उड्या मारणारी. मी विचारण्याआधीच म्हणाल्या, "व्यालीय तासाच्या आत पाजलीय, डाक्टर. वारंची वाट न्हाई बघितली." मग हसून पुढे, "तिचं पोट भरून उरला त्याचा खरवस केला." खरवस खायला माझी ना नाही. फक्त वासराचा वाटा आधी.

ताईच्या दोन्ही वह्यांच्या झेरॉक्स माझ्याकडे आहेत. दिवाळीच्या कार्यक्रमाला घेऊन येईन आणि फराळाच्या टेबलाशी बसेन. २००१ मध्ये ज्यांनी चेक दिले होते त्यांनी जरूर बघाव्यात, आणि काय विचारायचं ते विचारावं. या वेळी विषय बदलणार नाही.